गॅलरी ठीक आहे

अत्तार साहेबांना मला एक वाक्य सांगायचं होतं. "साहेब, गॅलरी ठीक आहे, सळ्या वरच आहेत." एवढंच. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी दुपारी हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी गाडीत बसले, फोन वाजला आणि ते सांगायचं राहिलं. आज राहिलं, उद्या राहिलं, आणि मग ज्यांना सांगायचं तेच राहिले नाहीत. त्यांचे दोन मेसेज माझ्या फोनमध्ये अजून आहेत. त्याखाली माझं काहीच नाही. मध्यंतरी मी फोन बदलला, तेव्हा दुकानातल्या माणसानं विचारलं, जुनं सगळं नव्यात घ्यायचं का. मी म्हटलं, घ्या.

साहेब माझे पहिले साहेब. शाहूपुरीत, पाण्याचे पंप विकणाऱ्या एका दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस होतं. इमारतीत सळ्या किती, कुठल्या जाडीच्या आणि कुठं घालायच्या हे ठरवायचं, हा आमचा धंदा. घर बांधणाऱ्याला आर्किटेक्टचं नाव पाठ असतं. आमचं नाव स्लॅब पडला तरच निघतं. साहेब उंच, जरा पुढं झुकलेले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि सहा इंची फूटपट्टी. आडनाव अत्तार, पण अंगाला वास कायम ओल्या सिमेंटचा. ऑफिसात कुणीही येवो, सळ्या वाहणारा हमाल असो की बंगला बांधणारा डॉक्टर, साहेब खुर्चीतून उठायचे. "साहेब, तुम्हाला वेगळा व्यायाम नको," असं आम्ही म्हणायचो. ते हसायचे आणि पुढच्या माणसासाठी परत उठायचे.

त्यांच्याकडं नोकरी मागायला गेले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. पदवीचा कागद कोरा करकरीत, आणि साइटवर मुलगी ठेवायला कोल्हापुरात कुणी तयार नव्हतं. तीन ठिकाणी मला "कळवतो" म्हणाले होते, आणि त्या "कळवतो"चा अर्थ एव्हाना माझ्या लक्षात आला होता. साहेबांनी अर्धा तास प्रश्न विचारले, चहा पाजला आणि तेही म्हणाले, "गुरुवारी कळवतो." मी मनातल्या मनात तिथंही फुली मारून टाकली.

गुरुवारी संध्याकाळी आमच्या मंगळवार पेठेतल्या बोळात एक स्कूटर येऊन थांबली. आमच्या घरी फोन नव्हता. वडील बनियनवरच दारात गेले. साहेबांनी त्यांना नमस्कार केला आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "मी अत्तार. मॅडमना सांगायला आलतो. माझं अजून ठरलं न्हाय. सोमवारी कळवतो."

वडिलांना काही सुधरेना. "ठरलं नाही, हे सांगायला आलात?"

"व्हय की. गुरुवार म्हटलं होतं न्हवं? त्या वाट बघत बसल्या असत्या."

त्या रात्री जेवताना वडील दोनदा एकटेच हसले. "वेडा माणूस दिसतोय," म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "नोकरी दिली तर ह्याच्याकडंच कर." सोमवारी साहेब पुन्हा आले, होकार घेऊन. आमच्या घराच्या दारात उभं राहून मला 'मॅडम' म्हणणारा तो पहिला माणूस.

ते 'मॅडम' त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. पहिल्याच साइटवर मिस्त्री मला बघून म्हणाला, "पोरी, बाजूला उभी ऱ्हा, चिखल उडंल." साहेबांनी त्याला सुनावलं वगैरे नाही. हातातलं ड्रॉइंग त्यांनी माझ्याकडं दिलं आणि म्हणाले, "मॅडम, ह्या खांबाला रिंगा किती अंतरावर बांधायच्या, जरा मिस्त्रींना सांगता?" ड्रॉइंग त्यांचंच होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी अंतर सांगितलं असतं. मी सांगितलं. मिस्त्रीनं खात्री करायला साहेबांकडं पाहिलं, तर साहेब माझ्याकडं बघत होते, शिकणाऱ्यासारखे. दुपारच्या जेवणापर्यंत मिस्त्रीही मला मॅडम म्हणायला लागला होता. पुढं तीसेक वर्षं मी साइटवर काढली, पण मान मिळवायला मला आवाज चढवावा लागल्याचं आठवत नाही. ते काम साहेबांनी पहिल्या दिवशीच करून ठेवलं होतं.

कडक होते ते एकाच बाबतीत, गॅलरीच्या. गॅलरी भिंतीतून नुसती बाहेर आलेली असते, खालून आधार नाही. तिचा सगळा भार वरच्या अंगाला असलेल्या सळ्या तोलतात. काँक्रीट ओतताना कामगारांचे पाय पडून त्या सळ्या खाली बसल्या, तर गॅलरी बाहेरून देखणी दिसते, पण आतून भरवशाची राहत नाही. नव्या इंजिनिअरला साहेब पाण्यानं भरलेली बादली हात लांब करून धरायला लावायचे. "कुठं ओढतंय?" विचारायचे. खांद्याच्या वरच्या बाजूला, असं आम्ही कण्हत सांगायचो. "मग सळी कुठं पाहिजे?" मी तर बादली त्यांच्या बुटांवरच सांडली होती. गॅलरीचं काँक्रीट असलं की साहेब स्वतः तिथं उभे राहायचे, जेवणखाण सोडून, शेवटचं घमेलं रिकामं होईपर्यंत.

"माझ्या हातनं एकच गॅलरी न बघता झाली," असं ते एकदा म्हणाले. गडमुडशिंगीच्या पुढं एका वस्तीवर मुलींची शाळा आहे, तिथली. काँक्रीटच्या दिवशीच त्यांची मुलगी यास्मिन जन्माला आली. साहेब दवाखान्यात, आणि ठेकेदार काही त्यांच्यासाठी थांबला नाही. "पोरीचा वाढदिवस आला की मला आधी ती गॅलरी आठवतीय बघा." दर उन्हाळ्यात ते तिकडं जायचे. टोकाला ओळंबा सोडून मापं घ्यायचे, वर चढून फरशी ठोकून बघायचे. गॅलरी सूतभरही झुकलेली नसायची. पण सळ्या आत कुठं आहेत, हे बाहेरून कुणाला दिसणार?

साडेपाचला ऑफिसात चहा यायचा. कप हातात घेऊन साहेब आम्हा सगळ्यांकडं बघत विचारायचे, "कुणाचं कळवायचं राहिलंय का?" त्यासाठी एक जाड वही होती. कुणालाही "कळवतो" म्हटलं की त्याचं नाव वहीत जायचं, आणि कळवलं की फूटपट्टी ठेवून त्यावर सरळ रेघ. रेघ वाकडी आलेली त्यांना चालायची नाही. शिवाय होकार आणि नकार यांचे नियम वेगळे. "होय चिठ्ठीनं चालतंय. न्हाय म्हणायला माणसानं जायला लागतंय," असं ते म्हणायचे.

आजऱ्याच्या एका काजू कारखानदाराला जुन्या शेडवर मजला चढवायचा होता. तो चढणार नाही हे साहेबांनी कागदावर दहा मिनिटांत काढलं, आणि तेवढं सांगायला दुसऱ्या दिवशी एस.टी.नं आजऱ्याला निघाले. मलाही घेतलं. कारखानदार आधी बिघडलाच.

"पावणं, न्हाय म्हणायला एवढ्या लांब आलासा? फोन करायचा की!"

"फोनवर 'का न्हाय' म्हणून इचारायला तुमास्नी अवघड झालं असतं," साहेब म्हणाले. मग दोन तास बसून त्यांनी त्याला 'का' ते समजावलं, काजूच्या टरफलांच्या ढिगाशेजारी, जमिनीवर रेघोट्या ओढून. त्या माणसानं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. परतताना साहेब गाडीत शांत झोपले. वहीतली रेघ मात्र ऑफिसात पोचल्यावर आधी मारली आणि मग घरी गेले.

आता हे वाचून कुणाला वाटेल, काय भाग्यवान बाई. खरं सांगायचं तर त्यांच्याबरोबर काम करणं म्हणजे वैताग होता. फोन ते स्वतः आधी ठेवायचे नाहीत. पलीकडचाही तसाच निघाला तर "ठेवतो मग", "ठेवा की", "न्हाय, तुम्ही ठेवा" हे पाच मिनिटं चालायचं. जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत ते पोचवायला यायचे आणि तिथं त्यांना काहीतरी आठवायचं. शहर वाढलं, बिल्डर आले. त्यांना संध्याकाळपर्यंत ड्रॉइंग हवी असायची, आणि साहेब त्यांच्या कामगारांच्या पोराबाळांची चौकशी करत बसायचे. कामं कमी झाली. बारा वर्षांनी मी स्वतःचं ऑफिस काढलं, ताराबाई पार्कात, काचेचं. साहेब पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. सगळं कौतुकानं पाहिलं आणि विचारलं, "वही कुठं ठेवलीया, मॅडम?" मी कॉम्प्युटर दाखवला. "सगळं ह्यात असतं आता, साहेब." "असं व्हय," म्हणाले आणि कॉम्प्युटरकडं आदरानं बघत राहिले.

त्यात काय असतं ते मला ठाऊक आहे. मुलाखतीला पाच मुलं येतात, एकाला घेतो आणि चौघांना काहीच कळवत नाही. नकार द्यायचा नसतो, नुसतं गप्प राहायचं असतं. समोरचा शिकलेला असतो, त्याला समजतं. मेसेज वाचल्याची खूण त्याला दिसते, म्हणजे आपण वाचलाय हेही त्याला कळतं, आणि तरी आपण गप्प. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, माझ्या ओळखीत आता सगळे असेच आहेत आणि मी त्यांच्यात शोभून दिसते. कुणी कुणाशी उद्धट बोलत नाही. बोलतच नाही.

पाचेक वर्षांमागं एका जुन्या इमारतीच्या कामात सल्ल्यासाठी मी साहेबांना एका तरुण आर्किटेक्टकडं नेलं होतं. त्यानं आम्हाला पाऊण तास बाहेर बसवलं. आत बोलावल्यावर साहेब बोलायला लागले आणि हा फोनमध्ये बघायला लागला. साहेब थांबले. त्यानं मान वर केली, साहेबांनी अर्धं राहिलेलं वाक्य पुढं सुरू केलं. त्यानं परत मान खाली घातली, साहेब परत थांबले. बोलणं आपोआप बंद का पडतंय हे त्या मुलाला शेवटपर्यंत कळलं नाही. वीस मिनिटांचं काम दीड तास चाललं. माझा पारा चढला होता. खाली आल्यावर मी विचारलं, "साहेब, तुम्हाला राग नाही आला?"

"राग कशाचा? त्यांच्या घरात कोणतरी आजारी असणार बघा. सारखा फोन बघत होते बिचारे."

मी हसले. ही गोष्ट नंतर मी चारचौघांत रंगवून सांगितली आहे. आता सांगत नाही.

त्यांचा पहिला मेसेज जुलैत आला. तो जसाच्या तसा असा आहे: "मॅडम, नमस्कार. गडमुडशिंगीच्या शाळेतून फोन होता. गॅलरीला वरून चीर दिसते म्हणतात. माझे गुडघे आता जिना चढू देत नाहीत. तुमच्याकडे काँक्रीटच्या आतल्या सळ्या दाखवणारे यंत्र आले आहे असे समजले. सवड काढून बघाल का? मुख्याध्यापिकांना मी 'कळवतो' म्हणालो आहे. आपला, अत्तार."

मी लगेच फोन केला. "बघते साहेब, आणि कळवते."

"लई मेहेरबानी, मॅडम," म्हणाले. मग मी फोन ठेवेपर्यंत साहेब तसेच थांबले असणार.

बारा दिवसांनी, रविवारी, मी गेले. शाळा बंद होती. त्या दिवसापुरत्या बदलीवर आलेल्या राखणदारानं कुलूप काढून दिलं आणि मी कोण हेही न विचारता तो चहाला गेला. मी वर जाऊन गॅलरीच्या फरशीवरून यंत्र फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सळ्या जिथं हव्यात तिथं होत्या. वरच्या अंगाला, सरळ, एकही खाली बसलेली नाही. चीर फक्त फरशीच्या सांध्यातली होती, सिमेंट भरलं की मिटणारी. त्या न थांबलेल्या ठेकेदारानं काम चोख केलं होतं. साहेबांच्या मनात चाळीस वर्षं बसलेली शंका वीस मिनिटांत संपली, आणि ती संपलेली जगात फक्त मला माहीत होती. मला इतका आनंद झाला की मी एकटीच तिथं उभी राहून हसले. साहेबांना सांगायचं ते वाक्य तेव्हाचं.

मग गाडीत तो फोन वाजला. एका बिल्डरचा स्लॅब अडला होता. संध्याकाळ तिकडं गेली. दुसऱ्या दिवशी मनात आलं, ठीकच तर आहे, वाईट असतं तर लगेच सांगितलं असतं. आमच्याकडं आता कामाची रीतच ती आहे. बिघडलं तर फोन, ठीक असेल तर गप्प. आठवडा गेल्यावर लाज वाटायला लागली. इतक्या उशिरा मेसेज काय करायचा, एकदा घरी जाऊनच सांगू, पेढे घेऊन जाऊ, असं ठरवलं. चांगलं करायच्या नादात मी साधंही केलं नाही. 'ठरलं न्हाय' एवढं सांगायला जो माणूस माझ्या दारात स्कूटर घेऊन आला होता, त्याला 'ठीक आहे' सांगायला मला सवड झाली नाही.

दुसरा मेसेज ऑगस्टच्या शेवटी आला. "मॅडम, घाई नाही. सवडीने कळवा. घरी सगळे बरे आहेत ना?" मी तो एका मीटिंगमध्ये टेबलाखाली वाचला.

आणि गणपती बसून उठल्यानंतर एकदा ते मला दिसले. सिग्नलला माझी गाडी थांबली होती. डाव्या हाताला के.एम.टी. बसचा थांबा, आणि थांब्यावर साहेब. हातात काठी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत डबा असावा. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांचा सगळा चेहरा उजळला. काठी टेकत ते दोन पावलं गाडीकडं आले. मी फोनवर बोलत होते. ते त्यांच्या ध्यानात आलं आणि ते जागीच थांबले. उजवा हात छातीवर ठेवला, जरासे वाकले आणि आले तसे दोन पावलं मागं सरले. काच खाली करून सात-आठ शब्द बोलायचे होते. सिग्नल हिरवा झाला. 'फोन करते' अशी मी बोटांनी खूण केली. 'चालंल, चालंल' अशी त्यांनी मान हलवली. मला वाटलं, कुणा पाहुण्यांकडं निघाले असतील.

दिवाळीच्या सुट्टीत साहेब गेले. झोपेत, त्रास न होता. आमच्या इंजिनिअरांच्या ग्रुपवर बातमी आली आणि जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. त्या रांगेत चौथे हात माझे आहेत. वेळ बघितली तर बातमीनंतर एक मिनिटही झालेलं नव्हतं. त्यांच्या जाण्याला मी ताबडतोब उत्तर दिलं होतं.

तिसऱ्या दिवशी जियारतीला, त्यांच्यासाठीच्या प्रार्थनेला, मी त्यांच्या घरी गेले. यास्मिननं मला आत नेऊन बसवलं, पाणी दिलं. बापासारखीच उंच, जरा पुढं झुकलेली. मी काही बोलायच्या आत तिनंच माझा हात धरला.

"मॅडम, तुमच्या घरचं आता बरं हाय न्हवं?"

मला कळेना.

"अब्बा लई काळजी करायचे. म्हणायचे, मॅडमच्या घरात कोणतरी आजारी असणार, न्हायतर त्या कळवल्याबिगर ऱ्हायच्या न्हाईत. नमाजात तुमच्या घरासाठी दुआ मागायचे."

आमच्या घरी कुणीच आजारी नव्हतं. मी म्हणाले, "हो, आता बरं आहे." एवढं खोटं मी आयुष्यात दुसरं बोललेले नाही.

मग ती सांगत गेली. मेसेज केल्यापासून साहेबांनी आठवडाभर वाट पाहिली. मुख्याध्यापिकांना ते म्हणाले, मॅडम कळवेपर्यंत गॅलरीखाली मुलींना जाऊ देऊ नका. त्या "बघू" म्हणाल्या. मग साहेब स्वतः जायला लागले. रोज सकाळी डबा घेऊन बसनं जायचे, शाळा सुटली की परत. पाऊस असला तरी जायचे.

"मी म्हटलं, अब्बा, दुसऱ्या कुणा इंजिनिअरला दाखवूया, एका दिवसाचं काम हाय. तर म्हणाले, मॅडमना सांगितलंय. आता दुसऱ्याला सांगितलं तर त्यांचा अपमान होईल की." यास्मिननं माझ्यापुढचा पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला. "तुम्हाला बघायला जमलं काय हो, मॅडम, ती गॅलरी?"

मी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे मलाही सांगता येणार नाही. तिनं परत विचारलं नाही. दारापर्यंत, मग जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत, ती मला पोचवायला आली.

सुट्टी संपून शाळा भरली त्या दिवशी मी गडमुडशिंगीला गेले. मुख्याध्यापिका खुर्चीतून उठल्या नाहीत, पण त्याबद्दल तक्रार करायचा हक्क आता मला तरी नव्हता. मी म्हणाले, अत्तार साहेब गेले. "अरेरे," त्या फोन खाली ठेवत म्हणाल्या, "आम्हाला कुणी कळवलंच नाही. भला माणूस. आम्ही खुर्ची दिली होती त्यांना." मग त्यांनी परत फोन उचलला.

मधली सुट्टी झाली होती. मैदानभर मुली पळत होत्या. गॅलरीच्या खाली, बरोबर मधोमध, एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची होती. तिच्या भोवतीची जमीन मोकळी होती. पळत येणाऱ्या मुली तिथवर आल्या की वळायच्या, वळसा घालून पलीकडं जायच्या आणि परत पळायला लागायच्या. कुणी त्यांना हटकत नव्हतं. त्यांना ती सवयच झाली होती.

मी खुर्चीजवळ गेले तशी दोन वेण्यांची एक मुलगी धावत आली.

"तितं उभं ऱ्हाऊ नका!"

"का गं?"

"आजोबांनी सांगितलंय. मॅडम कळवत्यात, तवर हितं कुणी उभं ऱ्हायाचं न्हाय."

"मग आजोबा कसे बसायचे?"

"त्यांची जागा हाय ती. ते म्हणायचे, ही गॅलरी माझी हाय, पडली तर माझ्यावर पडू दे." तिनं माझ्याकडं जरा निरखून पाहिलं. "तुमीच व्हय त्या मॅडम?"

"हो," मी म्हणाले. आणि ते वाक्य पहिल्यांदाच तोंडाबाहेर काढलं. "गॅलरी ठीक आहे. सळ्या वरच आहेत."

तिनं मान वर करून गॅलरीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मग आजोबास्नी सांगितलासा?"

मी रिकाम्या खुर्चीकडं बघितलं.

"सांगा की लौकर," ती म्हणाली. "लई दिस झालं, वाट बघत्यात."

"कळवते," मी म्हणाले.

तिला ते पुरेसं वाटलं. ती मैत्रिणींकडं पळत गेली. जाताना खुर्चीला वळसा घालूनच गेली.